न ढवळलेला शिरा

ताईच्या हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी होतं आणि सोमवारी सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "तुझं ते विश्व मला त्याच्या आधी समजलं पाहिजे."

झालं! आधीच माझं कशात लक्ष नव्हतं. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, निवृत्त झाल्यावर साध्या वाचकांसाठी विश्वावर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं, आणि विश्वाच्या प्रसरणाचं प्रकरण काही केल्या पुढे सरकत नव्हतं. त्यात ताई विंचूरहून ऑपरेशनसाठी माझ्याकडे नाशिकला आलेली. आई गेली तेव्हा तिनं शाळा सोडली, चूल सांभाळली आणि मला, धाकट्या बहिणीला, शिकू दिलं. ते शिकणं नेमकं होतं तरी काय, हे तिला बघायचं होतं.

"पुढं टाइम भेटंल न भेटंल," ती म्हणाली.

असा राग आला मला! कशाला बोलायचं असं अभद्र? पण नाही म्हणायची सोय नव्हती. मी येरझाऱ्या घालत सुरुवात केली. आकाशात ताऱ्यांचे प्रचंड समूह आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. लांबलांबच्या दीर्घिका एकमेकींपासून आणखी लांब चालल्यात. पण त्या कुठे पळत नाहीयेत, मधली जागाच वाढतेय.

"जागा कशी वाढंल? वावर कधी वाढलंय का कुणाचं?"

मी फुग्यावर टिकल्या चिकटवल्या आणि फुगवून दाखवला. बघ, टिकल्या कशा लांब गेल्या! ती म्हणाली, "पण आत नुसती हवाच हाय की." मी फुगा फोडून टाकला. मंगळवार तिच्या तपासण्यांत गेला. दवाखान्यातल्या बाकावरसुद्धा माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

इंग्रजी पुस्तकांत यासाठी बेदाण्यांच्या पावाचं उदाहरण असतं. पाव फुगतो, बेदाणे दूर जातात. आपल्याकडे बेदाण्यांचा पाव कोण भाजतंय? मग मला शिरा सुचला. रवा फुगतो, बेदाणे तर ताईनं घरच्या द्राक्षांचे आणलेच होते. बुधवारी सकाळी मी कढई चढवली. माझा आणि स्वयंपाकाचा छत्तीसचा आकडा, त्यामुळे ताई खुर्ची ओढून दारातच बसली. तिला खायचा नव्हताच, बघायचा होता.

तुपात बेदाणे टाकले, रवा भाजला, उकळतं पाणी ओतलं.

"ढवळ!" ताई ओरडली.

"नाही ढवळायचं! ढवळलं की बेदाणे इकडचे तिकडे होतील. त्यांनी आपणहून हलायचं नाही, मधला रवा वाढला पाहिजे."

"अगं बाई, गाठी व्हतील! लागंल खाली!"

"होऊ देत!"

गाठी झाल्या. खाली लागलाही. पण बेदाणे खरंच दूर गेले होते! मी जिंकल्यासारखी ताईकडे वळले. ती मान वाकडी करून कढईत बघत होती.

"बेदाणे तर टम्म फुगलेत," ती म्हणाली. "म्हंजे आपण बी फुगतो? माझं काळीज बी? डॉक्टर त्येच म्हनत व्हता, काळीज वाढलंय."

कपाळावर हात मारून घेतला मी. म्हणजे शिऱ्याचं हे प्रकरण वाचून विंचूरपासून चांदवडपर्यंत प्रत्येक घरात हाच समज होणार! तुपात बेदाणा फुगतो हे इथल्या कुणाला माहीत नाही? मी करपलेल्या कढईसमोर उभी राहून भराभरा बोलत सुटले. नाही गं ताई. जे गुरुत्वाकर्षणानं किंवा अणूंमधल्या बळांनी एकमेकांना घट्ट धरून आहे, ते वाढत नाही. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर या प्रसरणानं वाढत नाही, तुझं शरीर वाढत नाही. तुझ्या काळजाचं दुखणं वेगळं. जिथे ही पकड पुरत नाही, तिथेच फक्त जागा वाढते.

"कळलं?"

"बघू," ती म्हणाली आणि गॅस बंद करायला उठली.

बघू! मी दिवसभर धुसफुसत राहिले.

गुरुवारी तिला स्ट्रेचरवरून नेलं. विंचूरहून आलेला तिचा मुलगा, माझा भाचा, आणि मी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेलो. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "मी कुठं जात नाय हां. मधली जागा वाढती फक्त."

दार बंद झालं.

तिला कळलं होतं! माझी ताई, काय सुंदर कळलं होतं तिला! आणि नको तिथे चुकली होती. ते तिला सांगायचं राहून गेलं. ओठांवर आलेलं ते वाक्य घेऊन मी त्या व्हरांड्यातून फेऱ्या मारत राहिले. भाचा म्हणाला, "मावशी, बस ना जरा." त्याच्यावरही खेकसले. ती परत आलीच नाही तर ते वाक्य मी कुणाला सांगणार होते? पुस्तक गेलं खड्ड्यात. मला ते फक्त तिलाच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घशातली नळी काढल्यावर मला आत सोडलं. बरं वाटतंय का, दुखतंय का, काही विचारलं नाही. तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "ताई, चुकलीस तू. एवढ्या जवळच्यांत नाही वाढत जागा."

तिनं अर्धे डोळे उघडले.

"पाणी दे आधी," ती पुटपुटली. "मंग शिकव."