तिरक्या रांगेची फरशी

माझे अब्बा फरशी बसवतात. गल्लीत त्यांना 'गुण्या' म्हणतात. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं लोखंडी हत्यार. ते हातात नसलं तरी अब्बांच्या डोळ्यांत असतंच. कुणाकडे चहाला गेले तरी कप उचलण्याआधी पायाखालचे सांधे बघून घेतात.

"निकाहाच्या दिवशी यांनी मला नाही बघितलं," अम्मी सांगते, "माझ्या माहेरची फरशी बघितली."

"आणि ती वाकडी होती," अब्बा म्हणतात. "तरी कबूल म्हटलं. उपकार याला म्हणतात."

आमच्या गल्लीने वर्गणी काढून दूरच्या एका गरीब वस्तीत मशीद उभी करायची ठरवली. तिथे मातीची घरं, आणि लोक खळ्यावर उघड्यात नमाज पढायचे. वस्तीतल्या एकाने आपलं पडकं धान्याचं कोठार देऊन टाकलं. त्याच भिंती दुरुस्त करून वर छप्पर घालायचं होतं. कुणी सिमेंट दिलं, कुणी पत्रे. अब्बांनी फरशी दिली, मजुरीसकट, आपल्या मरण पावलेल्या आईच्या नावाने. याला सदका-ए-जारिया म्हणतात, न थांबणारं दान. जोवर तिथे कुणी कपाळ टेकतंय, तोवर देणाऱ्याला आणि ज्याच्या नावाने दिलं त्याला पुण्य पोचत राहतं. दादी आयुष्यभर लोकांच्या घरच्या लाद्या पुसायची.

"दुसऱ्यांच्या फरशीवर गुडघे झिजवले तिने," अब्बा म्हणाले. "एक तरी तिच्या नावाची असू दे."

मी तेव्हा नाटकाचं शिक्षण संपवून घरी बसले होते, म्हणून लाद्या सरळ बसवायला ताणतात त्या लाईनदोरीचं दुसरं टोक धरायला माझी नेमणूक झाली. रंगमंचावर आपली जागा शोधा, असं आम्हाला शिकवायचे. मला माझी सापडली: कोपऱ्यात, उकिडवी, दोरी धरून.

अब्बांनी तिथे जे काम केलं, तसं मी आजवर पाहिलं नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी लादी, कडेने हिरवी किनार, एकही तुकडा कापलेला नाही, सांधे केसासारखे. वस्तीतले इमामसाहेब एरवी सायकली दुरुस्त करतात. माणूस मोजकं बोलणारा. ते दारात येऊन बराच वेळ बघत उभे राहिले.

"काही कमी आहे का, इमामसाहेब?"

"नाही, उस्ताद. फार सुंदर आहे."

अब्बा परतीच्या बसमध्ये झोपले नाहीत. कौतुक पचायला जड गेलं.

काही महिन्यांनी, लेकीला सासरी बघायला जावं तसे आम्ही फरशी बघायला गेलो. दुपारची नमाज होती. अब्बा आत गेले, मी दाराबाहेरच्या ओट्यावर बसले. तिथून मला जे दिसलं, त्याला आम्ही नाटकवाले 'तालीम कमी पडली' म्हणतो. इमामसाहेब पुढे चांगलेच तिरके उभे, खिडकीकडे तोंड वळवल्यासारखे. त्यांच्यामागचे जुने लोकही तिरके. पण शेजारच्या वस्तीतून आलेले नवे लोक मात्र फरशीच्या सांध्यावर टाचा जुळवून सरळ उभे. मध्ये दोघांचे खांदे भिडत होते. सजद्यात कपाळ टेकताना एकाचं डोकं दुसऱ्याच्या बरगडीत गेलं. आणि अब्बा दोन्ही गटांच्या मध्ये, चुकीच्या अंकात शिरलेल्या नटासारखे.

नमाजेनंतर ते इमामसाहेबांच्या सायकलींपाशी जाऊन बसले.

"तुम्ही तिरके का उभे राहता?"

"किबला तिकडे आहे, उस्ताद, मक्का तिकडे. नमाजेत तोंड तिकडेच हवं. कोठाराला ते काय माहीत? ते रस्ता बघून बांधलंय."

"मग फरशी लावताना सांगायचं ना."

इमामसाहेब चाक फिरवत राहिले. "इतक्या लांबून आलात. माल तुमचा, मेहनत तुमची. फुकट देणाऱ्याला वाकडं कसं म्हणायचं? आम्ही म्हटलं, होईल सवय."

"काम चालू होतं तेव्हा मी खळ्यावर रोज तुमच्याच मागे उभा राहत होतो. तिरका."

"हो."

"आणि आत येऊन सरळ लावत होतो."

"तुमचं लक्ष कामात फार असायचं," इमामसाहेब अदबीने म्हणाले. "थोडा फरक अल्लाह माफ करतो. नमाज होते."

"ती होते हो. पण आलेल्या माणसाला माझी फरशी चुकीकडे वळवते. माझ्या आईच्या नावाने मी जारी काय ठेवलंय? धक्काबुक्की."

घरी अम्मीने सगळं ऐकून घेतलं. "पुण्य जारी, तशी चूकही जारी," ती म्हणाली. "दोन्ही एकाच पत्त्यावर."

अब्बांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट गिऱ्हाइकांना सांगत सुटले. कुणी विचारलं, "उस्ताद, लाईन सरळ येईल ना?" तर म्हणायचे, "तीच तर भीती आहे." हसवायचे सगळ्यांना. जेवण मात्र निम्म्यावर आलं होतं.

उपाय मी सुचवला. रंगमंचावर नटांच्या जागा कळाव्यात म्हणून आम्ही जमिनीवर रंगीत फीत चिकटवतो. मी जाऊन इमामसाहेबांच्या सांगण्यावरून तिरक्या फिती लावल्या आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिले. दुसऱ्या नमाजेला त्या सुटल्या. एक आजोबा टाचेला फीत घेऊन घरी गेले. माझ्या कलेने लोकांवर उमटवलेला तो एकमेव ठसा.

चटया टाकल्या, त्या गुळगुळीत लादीवर घसरल्या. सगळं उखडून नव्याने करावं, तर तेवढी ऐपत नव्हती, आणि वर्गणी मागायला तोंड नव्हतं.

"लाद्यांतच तिरक्या रेघा कापू या," अब्बा म्हणाले.

या वेळी दोरीचं दुसरं टोक त्यांनी इमामसाहेबांना दिलं. मला बढती मिळाली, झाडूवर. दोरी पांढऱ्या लाद्यांवरून तिरकी गेली, एकाही सांध्याला न जुमानता. अब्बा लादी कापायचं मशीन हातात घेऊन गुडघ्यावर बसले आणि बसूनच राहिले.

"उस्ताद, राहू द्या," इमामसाहेब म्हणाले. "इतकं सुंदर काम."

"सुंदरच नडलं. दोरी ताणा."

पहिल्या रेघेला मशीन घसरलं. भिंतीजवळ लादीचा टवका उडाला, हिरवी किनार फुटली. पुढच्या रेघा बऱ्या आल्या. चिरांमध्ये काळं सिमेंट भरलं, ते वाळू दिलं, आणि अब्बा नमाजेआधी हातपाय धुवायला गेले.

अजान झाली. रस्त्यावर ट्रक थांबवून एक ड्रायव्हर आत आला. फरशीकडे बघून तो हळहळला.

"बसवणारा उस्ताद दिसतोय," तो अब्बांना म्हणाला. "पण मागून कुणी तरी वाट लावली की."

"त्यानेच लावली," अब्बा बाह्या खाली करत म्हणाले.

"का?"

"आधी फार सरळ बसवली होती. उभे राहा, रांग लागतेय."

ड्रायव्हर काळ्या रेघेवर टाचा ठेवून उभा राहिला. त्याच्या मागे आलेले दोघेही, काही न विचारता. रांग तिरकी आणि सलग लागली. अब्बांना मध्ये जागा होती. ते भिंतीकडे गेले, जिथे टवका उडाला होता तिथे, आणि सजद्यात त्यांचं कपाळ नेमकं त्या फुटक्या किनारीवर टेकलं.