ते माझ्या हातचं नव्हतं

प्रमिलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला, लेकीच्या सासरी होते. दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती. माझी नात सई, साडेतीन वर्षांची, हॉलमध्ये तिच्या हिरव्या ब्लँकेटवर पालथी पडून चित्रं रंगवत होती. फोनवर प्रमिलाताईंचा मुलगा होता, बडनेऱ्याहून. "मॅडम, आई गेली सकाळी," एवढंच म्हणाला. मी कधी, कसं, असं काहीबाही विचारलं आणि फोन ठेवला. माझ्या विहीणबाई, सुलभाताई, समोरच बसल्या होत्या. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आमच्या बिल्डिंगमधल्या एक बाई होत्या."

एक बाई. माझी नात ज्या ब्लँकेटवर लोळत होती, ते विणणाऱ्या माणसाबद्दल मी हे बोलले. सुलभाताई 'अरेरे' म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. या गोष्टीला आता दोन महिने होतील. तेव्हापासून हे लिहायचं लिहायचं म्हणते आहे, आणि कागद पुढे घेतला की आधी प्रमिलाताईंचे गुणच लिहावेत असा मोह होतो. गुण पुष्कळ होते. पण त्यांच्याआड मला लपता येऊ नये, म्हणून जे झालं ते सांगते.

पाच वर्षांपूर्वी त्या अकोल्याला, जठारपेठेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या समोरच्या घरात भाड्याने राहायला आल्या. सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांनी आया म्हणून उभा जन्म नोकरी केली होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा रेल्वेत, बडनेऱ्याला. मीही शाळेतून निवृत्त झालेले, माझी केतकी नुकतीच लग्न होऊन अमरावतीला गेलेली. दोघींच्या घरात एकेकच माणूस. मग दुपारी दोन्ही दारं उघडी राहू लागली.

वॉर्डात केरळच्या एक सिस्टर होत्या, त्यांच्याकडून त्या क्रोशा शिकल्या होत्या. काही बाळं गुंडाळायला धड फडकंही नसलेल्या घरांतली असत. त्यांच्यासाठी उरल्यासुरल्या लोकरीची दुपटी करता करता हात बसला. निवृत्तीनंतर त्या ब्लँकेटं विणू लागल्या, फक्त भेट द्यायला. अकोल्याच्या उन्हात ब्लँकेटं कोण घेतं, म्हणून मी एकदा हसले, तर त्यांनी उन्हाळ्यासाठी सुती दोऱ्याचं केलेलं काढून दाखवलं. प्रत्येक ब्लँकेट ज्याला द्यायचं त्याचंच असे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या नातवाला त्यांनी वांगी, मिरच्या आणि टमाटे विणून दिले. मुलाच्या दोस्ताला बाळ झालं तेव्हा चारी काठांनी रेल्वेचे रूळ फिरवले, मध्ये एक छोटं स्टेशन. कुणासाठी काही करायचं म्हटलं की सुई हातात घ्यायच्या आधी त्यांचे प्रश्न सुरू होत. घरी कोण आहे, शेत कशाचं आहे, पोराची आई काय काम करते, दारात झाड कोणतं आहे. मी एकदा म्हटलं, एवढी चौकशी कशाला? त्या म्हणाल्या, "मानूस माईत नाई तं विनू काय?"

केतकीला दिवस गेले तेव्हा त्यांनी आपणहून विचारलं, सासरी काय असते तिच्या? वरुडकडे संत्र्याची बाग आहे, असं मी सांगितलं. चार महिने त्या विणत होत्या. हिरवी जमीन, खाली काळ्या मातीचा काठ, आणि वर उठून आलेली गोल, टपोरी संत्री. बोटाने दाबली तर पुन्हा वर येणारी. त्यात एक संत्रं त्यांनी हिरवंच ठेवलं. हे चुकलं का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "हे बाय हाय. अजून पिकाचं हाय त्याले."

बारशाला ते ब्लँकेट घेऊन मी अमरावतीला गेले. आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. केतकीच्या लग्नात आमचं रुखवत विकतचं होतं. सुलभाताईंनी ते पाहून, नोकरीवाल्या बायकांना कुठला आलाय वेळ, असं काहीसं म्हटलं होतं. त्या स्वतः भरतकाम, शिवण, सगळं घरी करणाऱ्या. त्यांच्या मनात काही नसेलही. पण मला ते लागलं होतं, आणि बारशाच्या दिवशी सगळ्या बायकांसमोर त्यांनी ब्लँकेट उलगडलं, डोळे मोठे केले आणि विचारलं, "ताई, हे तुम्ही केलं?"

मी हसले. नुसती हसले असते तरी वेळ निघून गेली असती. पण मी म्हणाले, "हो, वेळ मिळेल तसं." बायका ब्लँकेट हातोहात पाहू लागल्या. कुणीतरी विचारलं, हे एकच हिरवं का? आणि मी उत्तर दिलं, "हे आमचं बाळ आहे, अजून पिकायचंय." सगळ्या वा वा म्हणाल्या. प्रमिलाताईंचं काम तर मी घेतलंच होतं, त्यांचं वाक्यही घेतलं.

केतकीने नंतर विचारलं तेव्हा, समोरच्या बाईंकडून शिकतेय, असं तिला सांगितलं. खोट्याला मग खायला घालावं लागलं. सुलभाताईंच्या भावाला नातू झाला, त्यांनी मला गळ घातली. मी अकोल्याला येऊन प्रमिलाताईंना गळ घातली. आपलं काम अमरावतीत एवढं आवडलं, याचा त्यांना केवढा आनंद झाला. त्या घरातली माणसं, त्यांचे धंदे, सगळं विचारून घेतलं. मी लोकर आणून दिली आणि त्यांचा आनंद पाहत बसले. तेव्हाही मला काही बोलता आलं नाही.

ते दुसरं ब्लँकेट अर्धं झालं होतं तेव्हाची गोष्ट. सुलभाताई एका लग्नाला अकोल्याला आल्या आणि अचानक घरी डोकावल्या. येताना पिशवीत लोकर आणि सुई. मला म्हणाल्या, ते उठावाचं संत्रं कसं करता तेवढं दाखवा, मी तुमच्यासमोरच शिकते. सुई त्यांनी माझ्या हातात दिली. मला ती धरताही येत नव्हती. मी चष्मा शोधायला लागले, मग पाणी आणायला उठले, आणि तेवढ्यात उघड्या दारातून प्रमिलाताई आत आल्या. सुलभाताईंनी त्यांनाही सांगितलं, आमच्या ताईंच्या हातात काय जादू आहे पाहा, नातीला संत्र्याची बाग विणून दिली त्यांनी.

प्रमिलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडमच्या डोयाचा नंबर वाढला हाय, डॉक्टरनं बारीक काम बंद सांगतलं. मले त्यायनंच शिकवलं. आना, मी दाखवतो तुमाले."

दीड तास त्या सुलभाताईंना शिकवत होत्या. साखळी, मुका खांब असे साधे टाके, मग एकाच घरात पाच खांब घालून ते एकत्र कसे ओढून घ्यायचे. सुलभाताईंचं चुकलं की उसवून पुन्हा. मी स्वयंपाकघरात चहा केला, पोहे केले, लागत नव्हती ती भांडी घासली. बाहेर जाऊन बसायचं धैर्य होईना. निघताना सुलभाताई त्यांना म्हणाल्या, गुरू चांगला मिळाला तुम्हाला. प्रमिलाताई हसल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. वाटलं होतं, रागावतील. त्या तांदूळ निवडत होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली नुकतीच विझलेली मेणबत्ती. मी चुकलं वगैरे पुटपुटले. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "माया हातचं हाय म्हनाले लाज वाटली का तुमाले?"

मी म्हणाले, तसं नाही हो. रुखवताची गोष्ट सांगितली, मोठेपणाचा मोह झाला म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. समोर एखाद्या डॉक्टरीणबाई राहत असत्या आणि त्यांनी ते विणलं असतं, तर मी त्यांचं नाव बारशात चार वेळा घेतलं असतं. वॉर्डातल्या आयाचं नाव मला घ्यायचं नव्हतं. आडनाव सांगितलं की एक प्रश्न सुलभाताईंच्या मनात येईल, असं मला वाटलं होतं. त्यांच्या मनात तो आला असता की नाही, कोण जाणे. माझ्या मनात आला होता. तीस वर्षं वर्गात समतेवर निबंध लिहून घेणाऱ्या माझ्या मनात...

दुसरं ब्लँकेट त्यांनी पूर्ण करून दिलं, घडी घालून, दारातूनच. नंतर त्या वाईट वागल्या नाहीत. भाजीची वाटी येत राहिली, दवाखान्यात माझ्यासोबत आल्या. पण माझ्या घरी येताना त्या उघड्या दारावरही टकटक करू लागल्या. मागच्या वर्षी त्यांची किडनी बिघडली आणि मुलगा त्यांना बडनेऱ्याला घेऊन गेला. अमरावतीला जाताना मी दर वेळी बडनेऱ्याला गाडीतून उतरायचे आणि पुढे ऑटो करायचे. मुलाचं क्वार्टर स्टेशनपासून दहा मिनिटांवर. वर्षभरात आठ-नऊ वेळा तरी मी त्या फलाटावर उतरले असेन. एकदाही गेले नाही. पुढच्या वेळी जाऊ, आज सामान फार आहे, आज सईला ताप आहे.

गेले ती पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, वॉर्डातल्या जुन्या सिस्टर, शेजारपाजारचे लोक. वंदना झाली, मग एकेक जण उठून आठवणी सांगू लागला. मुलगा म्हणाला, अकोल्याच्या मॅडम दोन शब्द बोलतील. मला बोलायची सवय आहे. मी पाच मिनिटं बोलले. मायाळू स्वभाव, हातातली कला, गोरगरिबांच्या लेकरांची ऊब. लोकांनी डोळे पुसले. तेवढं एक मात्र मी तिथेही बोलले नाही. बोलून बसले तेव्हा आत इतकं रितं वाटलं की उठून जावं.

निघताना त्यांची सून दारापर्यंत आली. माझी नजर उगाच घरभर फिरत होती. त्यांनी माझ्यासाठी काही ठेवलं असेल, एखादा निरोप, एखादी वस्तू, म्हणजे मला माफ केलं असं मला धरता येईल. तसं काही नव्हतं. सून म्हणाली, "आई लय खेप म्हनत होत्या, मॅडम आल्या तं विचारजो, त्या अमरावतीच्या ताई अजून विनतात का म्हून. तुमी आल्याच नाई..."

त्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

मी परत अमरावतीला गेले आणि सुलभाताईंना सगळं सांगितलं. बारशापासून फोन आला त्या दुपारपर्यंत. केतकीही तिथेच होती. ती उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. सुलभाताईंनी सईचं ब्लँकेट उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "दीड तास मी त्यांच्यासमोर बसले होते, ताई. किती सुंदर केलंत हो तुम्ही, एवढं एक वाक्य मला त्यांना म्हणता आलं असतं. ते तुम्ही मला म्हणू दिलं नाही." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुलभाताई अजून विणतात. त्यांच्याकडे मंगळवारी दुपारी पाच-सहा बायका शिकायला येतात. अमरावतीत असले की मीही त्यांच्यात बसते. इतरांची फुलं, पानं झाली. माझी अजून साखळीच सरळ येत नाही. नवीन कुणी आलं आणि हे कुठे शिकलात असं विचारलं, की सुलभाताई हातातलं काम थांबवतात आणि प्रमिलाताईंचं नाव आडनावासकट सांगतात. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात आया होत्या, असंही सांगतात. सांगताना त्या माझ्याकडे पाहत नाहीत. मी मान खाली घालून साखळी घालत राहते.