दिलं, पण पोचलं का?

वीरभद्रअप्पा यंत्राजवळ आले की आधी बेअरिंगच्या झाकणावर पालथा हात ठेवत, लेकराचा ताप बघावा तसा. लातूरजवळच्या साखर कारखान्यात यंत्रांचं तेल-ग्रीस त्यांच्याकडे होतं. मी प्रयोगशाळेत केमिस्ट. ग्रीस देऊन आलेल्या माणसाला ते हमखास विचारत, "दिलं ते कळलं. आत पोचलं का?"

आम्ही या प्रश्नाची नक्कल करून हसायचो.

एका हंगामात उसाच्या गाड्या फाटकाबाहेरपर्यंत लागलेल्या असताना त्यांनी हट्टानं मिल थांबवायला लावली. "बेअरिंग तापून राहिलंय. उघडा!" उघडलं. आत ग्रीस लोण्यासारखं, सगळं ठाकठीक. चीफ इंजिनिअर सगळ्यांदेखत खेकसले, "अप्पा, तुम्हाला भास होतात!"

"हाव साहेब, होतात," अप्पा म्हणाले. डोळे भरून आले होते त्यांचे.

संध्याकाळी कॅन्टीनमध्ये मी खोदून विचारलं, तेव्हा ते बोलले. तरुणपणी ते उमरीच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. तिथला गफूर त्यांचा जिवलग दोस्त. एकदा अप्पांनी बेअरिंगला ग्रीस दिलं, ते बाहेर ओघळलेलं दिसलं, म्हणून भरलं असं समजून ते पुढे गेले. पण ग्रीस आत जायचं तोंडच तुंबलेलं होतं. कोरडं बेअरिंग लाल झालं आणि भोवतीच्या कापसानं पेट घेतला.

"मी भाईर पळालो. गफूरला वाटलं, मी आतच हाय. मला हुडकायला गेला त्यो. मी दारातून वरडून राहिलो, पर मशीनच्या आवाजात माझी हाक पोचलीच न्हाई." चहा गार होऊन त्यावर साय धरली, तरी त्यांनी कप उचलला नाही. "मिल सुरू झाली की वाटतं, आजून हुडकूनच राहिलाय मला."

निवृत्तीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. लातूरच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तर कुणालाच ओळखत नव्हते. एकाएकी उठून बसायला धडपडू लागले. "गफूर, भाईर ये! मी इथं हाय, भाईर!"

"सकाळपासून हेच चालू हाय," अप्पांच्या पत्नी, काकू, पदर तोंडाला लावत म्हणाल्या.

मला काय सुचलं कोण जाणे. मी त्यांचा हात धरला. "आलो. आलो मी भाईर."

अप्पांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "भाजलं न्हाई ना रं?"

"न्हाई."

"लई येळ लावलास," म्हणाले, आणि त्यांनी उशीवर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी ते गेले. काकू सांगत होत्या, मी भेटून गेल्यावर त्यांनी कुणालाच हाक मारली नाही.