फौजी गुडघ्यांचं गणित

सांगलीच्या एका कॉलेजात शिकवणारी माझी सुमनआत्या पीएचडी करते आहे. विषय, माणसाच्या गुडघ्याचं गणिती मॉडेल. मोजायला गुडघे हवेत म्हणून ती सुट्टीत औंधजवळच्या आमच्या गावी आली. तेव्हापासून तिच्या वहीत समीकरणं आणि माझ्या वहीत किस्से साठतायत. माझी वही आधी संपली!

पहिल्याच दिवशी तिने समजावलं, "आबा, सुरुवातीला गुडघा म्हणजे दाराची बिजागरी धरायची. घर्षण शून्य."

माझे आजोबा, म्हणजे आबा, रिटायर्ड सुभेदार. ते जिन्याच्या दोन पायऱ्या चढले. गुडघे वाजले, करकर, करकर!

"ह्ये शून्य व्हय? तुझ्या वहीत कवा ऱ्हायला येऊ, सांग!"

*

व्हिडिओत सांधे ओळखू यावेत म्हणून पायाला चिकटवायचे मार्कर संपले, तेव्हा आत्याने आजीच्या टिकल्यांचं पाकीट फोडलं. आबांच्या मांडीला एक, गुडघ्याला एक, घोट्याला एक. आजी बघतच राहिली.

"आवं, मला कवा टिकल्या आणल्या न्हाईत, आन् गुडघ्याला लाल टिकली!"

"त्यो कुरकुरतो, म्हणून त्येला मिळाली."

"मग मी काय कमी कुरकुरते?"

*

आबांनी तीन दोस्त बोलावले. तिघेही फौजी. एकेकाने अंगणात चालायचं, मी मोबाईलवर शूटिंग करायचं. कॅमेरा सुरू झाला की प्रत्येकाची छाती पुढे, मूठ बंद, आणि टोकाला कडक 'पीछे मुड'!

"आबा, नेहमीसारखं चाला ना!" आत्या ओरडली.

"मग ह्ये काय उसनं आणलंय?"

*

आत्याने चौघांच्या गुडघ्यांच्या हालचालीचे ग्राफ तिच्या गाईड सरांना पाठवले, आणि त्यांचा फोन आला. "मॅडम, चार माणसांच्या रेघा एकावर एक? एकाचाच डेटा चारदा चिकटवलाय! मी येऊन बघतो. खोटं निघालं, तर थिसिस विसरा."

आत्या त्या दिवशी जेवली नाही.

*

सर आले. आत्याने चौघांना हात जोडून सांगितलं, "म्हशीमागं चालता तसं चाला." चौघांनी परेडच केली.

"हे नाटक आहे," सर म्हणाले. "साधं चालणं मी दाखवतो." त्यांनी पॅन्ट दुमडली. मी खाली मान घालून टिकल्या चिकटवल्या.

"एकटं कशाला, सायेब? आमी हाय की संगं," म्हणत आबा आणि दोस्त त्यांच्या मागे उभे राहिले. पहिल्या फेरीत सर रमतगमत चालले. दुसऱ्या फेरीत मागून आबांचा बारीक आवाज आला, "बाएं, दाएं, बाएं..."

आत्याने दुसऱ्या फेरीचा पाचही जणांचा ग्राफ काढला आणि लॅपटॉप सरांकडे फिरवला. सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. मग हळूच विचारलं,

"यातला मी कुठला?"