कोलंबीचं बी

माझ्या थोरल्या साडूंना पुरतं बसलेलं जगातल्या एकाही खुर्चीने पाहिलेलं नाही, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगायला तयार आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते खुर्चीच्या कडेला नुसते टेकत आणि टेकता टेकताच उठायची तयारी करत. नाशिकच्या तार ऑफिसात त्यांची सारी नोकरी गेली. तिथे कट्ट-कड करून करून बोटांना अशी खोड लागली होती, की घरी आल्यावरही ती टेबलावर, गुडघ्यावर, नाहीतर शेजारी बसलेल्या माणसाच्या पाठीवर तारा पाठवत राहत. चहा निवायची वाट बघणं त्यांना जमत नसे. तोंड पोळून घेत आणि 'साखर कमी आहे' म्हणत उठत. एकदा मालेगावला एका लग्नाला आम्ही एसटीने निघालो होतो. पिंपळगाव बसवंतच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबणार म्हटल्यावर हे खाली उतरले, 'मी पुढे चालायला लागतो, वाटेत घ्या मला,' असं कंडक्टरला सांगितलं आणि खरोखरच आग्रा रोडने चालू लागले. गाडीने त्यांना मैलभर पुढे गाठलं. आत चढून घाम पुसत मला म्हणाले, "बघा साडू, तेवढाच रस्ता कमी झाला." ते मला नेहमी साडूच म्हणत, जणू ते नातं नसून माझा हुद्दा होता.

या घाईचा खरा फटका बसला तो त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, बेबीला. तिला एम.ए. करायचं होतं. तेवढ्यात एक चांगलं स्थळ आलं. मुलगा लष्करात, त्याची रजा संपत आलेली. साडूंनी अकरा दिवसांत लग्न उरकलं आणि मुलीची रवानगी थेट कुमाऊंच्या डोंगरात केली. बेबी भांडली नाही. पण गेली ती दोन वर्षं माहेरी फिरकली नाही. तिची पत्रं येत ती चार ओळींची. त्यांत हवापाणी असे आणि शेवटी 'बाकी ठीक'. तारमास्तरच्या मुलीने बापाला तारेसारखे शब्द मोजून लिहावेत, हे साडूंना फार लागलं होतं. ते बोलत नसत, पण पोस्टमन यायच्या तासभर आधीपासून फाटकाशी येरझाऱ्या घालत.

आणि मग एका आश्विनात तिचं चक्क तीन पानी पत्र आलं. ते सगळं एका फुलाबद्दल होतं. 'इथे आमच्या अंगणात एक फूल येतं, त्याला कोलंबाईन म्हणतात,' तिने लिहिलं होतं. 'जांभळं-पांढरं असतं. मान खाली घालून उभं राहतं आणि त्याला मागे पाच बारीक शेपट्या असतात. बी पाठवते आहे. मातीत पुरायचं नाही, नुसतं वर पसरायचं. महिना-दीड महिना उगवत नाही, फूल तर दुसऱ्या वर्षी येतं. मूळ खोल जातं, हलवलं की मरतं. बाबा, घाई केली तर हे झाड येत नाही. तुम्हाला जमतं का बघा. जमलं तर बघायला येईन मी.' हे शेवटचं वाक्य साडूंनी मला इतक्यांदा वाचून दाखवलं, की ते पान घडीवर फाटलं.

बी कांद्याच्या बियांसारखं काळं, पण चकचकीत होतं. त्यांनी ते आपल्या अंगणातल्या कुंडीत पसरलं आणि तिसऱ्या दिवशी बोटाने उकरून पाहिलं. मग रोज पाहू लागले. ऑफिसला जाताना, आल्यावर, जेवणाआधी हात धुवायच्या निमित्ताने. त्या कुंडीतल्या मातीला बिचारीला जरा म्हणून स्वस्थता नव्हती. पिंपळगावचा एक कांदेवाला शेतकरी तार करायला येई, त्याला एकदा हे आग्रहाने घरी घेऊन आले. त्याने कुंडी पाहिली, साडूंच्या काळ्या झालेल्या नखांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, झाडात खोट नाय. तुमी लय बघता त्याच्याकडं. बी लाजतं हो." अख्खा हिवाळा गेला, कुंडीतून काही वर आलं नाही.

पुढच्या वर्षी बेबीने दुसरी पुडी पाठवली. सोबत दोनच ओळी होत्या: 'आमची बदली राजस्थानात झाली आहे, तिथे हे होत नाही. म्हणून ही शेवटची पुडी. आधी महिनाभर गारठ्यात ठेवा.' आता गारठा आणायचा कुठून? अख्ख्या नातेवाइकांत फ्रिज एकट्या माझ्याकडे, गंगापूर रोडच्या नव्या घरात. ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराची. साडूंनी पुडी आणली, तिच्यावर दौतीच्या शाईने ठळक लिहिलं: 'कोलंबाईन. थंड ठेवणे. उघडू नये.' आणि दुसऱ्या दिवसापासून ती झोपली आहे ना हे बघायला सकाळ-संध्याकाळ येऊ लागले. येत, फ्रिज उघडत, पुडी दाबून बघत आणि जाताना मागच्या दारच्या रांजणातलं भांडंभर पाणी पिऊन जात. त्या महिन्यात आमच्या घरी बर्फ जमला नाही.

फ्रिजच्या ओलाव्याने शाई पसरली. कार्तिकातल्या एकादशीला माझ्या आईने लोणी काढायला दार उघडलं, तेव्हा 'बाई' एकमेकांत मिसळून पुडीवर एवढंच उरलं होतं: 'कोलंबी'. पुढे निळा डाग, आणि खाली 'थंड ठेवणे'. आई कडक सोवळ्याची, लसणाचं नाव निघालं तरी पदर सावरणारी. तिने पुडी सांडशीत धरून मागच्या दाराने भिरकावली, डोक्यावरून अंघोळ केली, फ्रिज तीनदा धुतला आणि आत गंगेचं पाणी शिंपडलं. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. संध्याकाळी मी घरी आलो, तर आई ओट्यावर पाठ करून बसली होती. "तुला खायचीच असेल तर बाहेर खा," ती म्हणाली. "माझ्या लोण्याशेजारी मासळी ठेवू नकोस." ती मासळी नसून फुलाचं बी होतं, हे माझ्या बायकोने तिला समजावेपर्यंत साडू दारात हजर होते.

मला वाटलं, आता हे आकाशपाताळ एक करणार. पण ते बसले. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, आणि बोटंसुद्धा हलत नव्हती. "शेवटची होती," एवढंच म्हणाले. आई शरमेने खाली बघत होती. पुडी कुठे टाकली विचारलं, तर घाबरून म्हणाली, "रस्त्यावरच्या कचऱ्यात." मग मी आणि साडू कंदील घेऊन कोपऱ्यावरची कचराकुंडी उपसत बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी काय हरवलं म्हणून विचारलं, की साडू रडवेल्या आवाजात सांगत, "कोलंबाईन." लोक नाकाला रुमाल लावून पुढे जात.

मार्गशीर्षात एका सकाळी आईने मला खुणेने मागच्या दारी नेलं. रांजणामागे, भिंतीच्या सावलीत, जिथे पाणी ठिबकून शेवाळ धरलं होतं, तिथे पुडीचा कागद कुजून पडला होता आणि त्याच्याभोवती चार इवलाले कोंब उभे होते. पानं कोथिंबिरीसारखी होती. "इथेच टाकली होती रे मी," आई कुजबुजली. "खोटं बोलले. पण आता त्यांना सांगू नकोस. उकरतील." आई, बायको आणि मी, आम्हा तिघांचं एकमत झालं. फूल यायला सव्वा वर्ष होतं आणि दिवसातून दोनदा येणाऱ्या माणसापासून रांजणामागची जागा लपवायची होती.

फ्रिजमध्ये काही नसतानाही साडूंचं येणं थांबलं नव्हतं. आईने त्यांच्यासाठी पाण्याचा माठ पुढच्या खोलीत आणला. तेवढ्यावर भागलं नाही, तेव्हा आम्ही त्यांच्या हाताला काम द्यायचं ठरवलं. पण द्यावं लागलंच नाही, ते स्वतःच मागू लागले. "साडू, काही दुरुस्तीला आहे का?" म्हणत आत शिरत. त्यांनी आमचा स्टोव्ह उघडला, शिवणयंत्र उघडलं, रेडिओ उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं. पुन्हा जोडल्यावर प्रत्येकातून एक-दोन स्क्रू उरत, ते प्रामाणिकपणे माझ्या हातात देत. चांगला चालणारा रेडिओ त्या वर्षी कायमचा घोगरा झाला. आम्ही दातओठ खाऊन सगळं सोसलं. झाड वाचवायचं तर एवढं चालायचंच. तिकडे आई उन्हाळाभर रोपांना तांदळाचं धुवण घालत होती. वैशाखात तीन रोपं गेली. एक राहिलं.

दुसऱ्या फाल्गुनात त्याला कळी आली, तशी मी बेबीला तार केली. नाशिकच्या तार ऑफिसातून करायची सोय नव्हती, तिथे साडूच बसलेले; म्हणून देवळालीला जाऊन केली. ती आली, कडेवर सहा महिन्यांचं मूल घेऊन. आम्ही साडूंना बोलावलं आणि सगळ्यांना रांजणामागे नेलं. एकच फूल होतं, जांभळं-पांढरं, मान खाली घातलेलं, मागे पाच शेपट्या. साडू उकिडवे बसले. त्यांचा उजवा हात सवयीने मातीकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला. बेबी बापाकडे बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "जमलं तुम्हाला." साडू गडबडून म्हणाले, "मला कुठलं? या लोकांनी लपवून ठेवलं माझ्यापासून." आई विजयाने माझ्याकडे बघून हसली. बेबी त्या खेपेला दोन महिने राहिली.

ते झाड पुढच्या उन्हाळ्यात गेलं. साडूही गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली; जाण्यातही त्यांनी घाईच केली. त्यांच्या तेराव्यानंतर मी मेहुणीपाशी बसून जुन्या गोष्टी काढत होतो. आम्ही त्यांना सव्वा वर्ष कसं फसवलं, ते मी रंगवून सांगितलं. ती डोळे पुसत हसली. "कसलं फसवलंत हो," ती म्हणाली. "तुमच्याइतकंच ह्यांनाही ठाऊक होतं. मार्गशीर्षातच पाणी प्यायला गेले आणि कोंब पाहून आले. त्या रात्री मला म्हणाले, 'आलंय. साडूंकडे आलंय. आता माझे हात कुठेतरी गुंतवायला हवेत.'"

तो घोगरा रेडिओ अजून माझ्याकडे आहे. मी तो दुरुस्त करून घेतलेला नाही.