खारट वरणाला छान म्हणणारे

डोक्याला मार लागला की माणूस विसरतो म्हणतात. मीही बरंच विसरले, पण त्यानंतर घरचे लोक जसे वागले ते मात्र सगळं लक्षात राहिलं. आता चार बाया जमल्या की सांग म्हणतात, आणि मी एक सांगायला बसते तर पाठोपाठ पाच निघतात.

तर सुरुवात वरठीच्या रस्त्यावर. आमचे हे पुढे, मी गाडीवर मागे. स्पीडब्रेकर आला, यांनी नेहमीप्रमाणे गाडी हळू केली नाही, आणि मी रस्त्यावर. यांना कळलं केव्हा? पुढच्या पानठेल्यावर थांबून "एक खर्रा घेऊ का?" म्हणून विचारलं आणि मागून "काही नको" आलं नाही, तेव्हा!

*

नागपूरला डोक्याचं ऑपरेशन झालं. जवाहरनगरच्या क्वार्टरवर परत आले तेव्हा चालता येत होतं, बोलता येत होतं. स्वयंपाक तेवढा गेला होता. ओट्यापुढे उभी राहायची आणि कशानंतर काय हेच सुचायचं नाही. नाकाला वासही येईना. रडायचे मी. घरात माझं म्हणावं असं तेवढंच तर होतं, आणि ते मला परत पाहिजे होतं.

दवाखान्यात रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, चहा कसा करता ते क्रमानं सांगा. मी पाणी सांगितलं, साखर सांगितली, दूध सांगितलं आणि गाळून मोकळी झाले. पत्ती राहिली. हे बाजूला बसून असे हसले की जसा यांचा बोर्डात नंबर आला. मॅडमनी यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही सांगा.

यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मी हिले आवाज देतो."

यांच्या डोक्याला काहीही लागलेलं नव्हतं.

*

मॅडमनी यांना बजावलं होतं, तिला तिचं करू द्या, मधात पडू नका. आयुष्यात यांनी एवढी एकच गोष्ट मनावर घेतली. मी दूध ठेवलं आणि भाजी निवडत बसले. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं झालं. मला वास नाही. घरात धूर दिसला तेव्हा मी धावले. हे दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत होते, नाकाला रुमाल लावून!

मी विचारलं, तुम्हाला वास आला नाही का?

"केव्हाचा येऊन राहिला," हे म्हणाले. "पण मॅडमनं सांगितलं होतं ना, मधात पडू नका."

*

मग अड्याळवरून नणंदबाई मदतीला आल्या. त्या माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायच्या, जशी मी बहिरी झाले. दुपारी मी झोपले तेव्हा त्यांनी माझं स्वयंपाकघर लावून दिलं, मला सोपं जावं म्हणून. मोठे डबे मागे, लहान पुढे, एकदम शोकेस.

माझं डोकं चालत नव्हतं, पण हाताला डब्यांच्या जागा माहीत होत्या. तेवढ्यावरच तर माझं चाललं होतं. संध्याकाळी हात मिठाच्या जागेवर गेला आणि वांग्याच्या भाजीत चमचाभर साखर पडली. नणंदबाईंनी एक घास खाल्ला, बाहेर जाऊन फोन लावला आणि अर्ध्या अड्याळला सांगितलं की वहिनीचं काही खरं नाही.

*

पण सगळ्यात वाईट होतं ते 'छान'. वरणात मीठ नाही, छान. भात कच्चा, छान. एक दिवस मला संशय आला. मी वरणात मुद्दाम चार चमचे मीठ घातलं. हे दोन गिलास पाणी प्यायले आणि म्हणाले, मस्त. सासूबाई म्हणाल्या, "चांगलं झालं व माय."

सासूबाई! लग्नापासून त्यांनी माझ्या हातच्या एका पदार्थाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. रोज सकाळी कंपाउंडच्या भिंतीपाशी उभ्या राहून त्या शेजारच्या काकूंना माझ्या स्वयंपाकाचा पंचनामा ऐकवायच्या, मला खिडकीतून ऐकू येईल अशा बेतानं. आता तिथंच उभ्या राहून म्हणायच्या, "बिचारी, करते बापडी." त्या बिचारीनं मला जेवढं लागलं तेवढं स्पीडब्रेकरनं लागलं नव्हतं.

*

पुढे नणंदबाई आपल्या घरच्यांना घेऊन जेवायला आल्या. मटक्यावरच्या लांब रोट्यांचा बेत होता. अंगणात चूल, तिच्यावर पालथा मटका. सासूबाईंनी सैल कणीक आपटून आपटून तयार केली, आणि नेमका त्यांचा खांदा धरला. मी उठले. हे धावत आले, राहू दे म्हणून. मी यांना विचारलं, मॅडम काय म्हणाल्या होत्या?

पहिली रोटी हातातच फाटली, कारण मी विचार करत होते. दुसरीला विचार सोडला आणि हातांना त्यांचं त्यांचं करू दिलं. गोळा या हातावरून त्या हातावर लोंबत कोपरापर्यंत आला आणि मटक्यावर पसरला. मग मी थांबलेच नाही. पाहुण्यांनी प्रत्येक रोटीला छान म्हटलं, जळलेलीलाही. सासूबाई मान खाली घालून जेवल्या आणि ताट घेऊन उठल्या. मला रात्रभर बरं वाटलं नाही.

सकाळी मी ओट्यापाशी होते. भिंतीकडून त्यांचा आवाज आला, आणि मी गॅस बारीक केला.

"मटका तापू देत नाही अन् टाकते रोटी," त्या काकूंना सांगत होत्या. "एक कच्ची, एक जळकी. अन् मीठ त मले अजून सापडून नाही राहिलं."

काकू म्हणाल्या, "जाऊ द्या ना बाई, आजारी आहे बिचारी."

"कायची आजारी? लगन होऊन आली तवापासून असंच रांधते ते!"