गुरुवारचे पावसाचे पाणी

२ ऑगस्ट २०२४. जळकोटमधील त्या घरात जीव तीन : जोहराबी आणि दोन शेळ्या.

जोहराबी कपडे शिवत. त्यांच्या शब्दावर बायका लग्नाचे कापड न मोजता टाकून जात. जूनपासून त्यांच्या गच्चीवर नांदेडच्या एका महाविद्यालयाचे काचेचे नरसाळे होते, खाली बाटली. धूर, धूळ, परागकण यांतला कार्बन पावसात विरघळून जमिनीवर उतरतो. तो किती, हे पुनम नावाची संशोधक विद्यार्थिनी मोजत होती. थेंब पडू लागला की झाकण काढायचे, पाऊस थांबला की बाटली फ्रिजमध्ये. एवढ्यासाठी जोहराबी मशीनवरून अर्ध्या शिलाईत उठत.

त्या दिवशी पुनम आली ती मान खाली घालून. चार बाटल्यांत कार्बन तिप्पट निघाला होता. चारही गुरुवारच्या.

"माझे मार्गदर्शक सर म्हणतात, तुम्ही बाटल्या घरातच नळाच्या पाण्यानं भरल्या."

जोहराबींनी तोंडातली टाचणी काढली. "घरात? नळ आठव्या दिवशी येतो, बेटा. तेवढं पाणी तुझ्या सराला कोण देईल? शेळ्या पाण्यासाठी माझ्याकडं बघून राहिल्यात."

पुनमला हसू आवरले नाही. मग तिने विचारले, "चाची, गुरुवारी वर काय करता?"

"लोबान."

नवरा खाजामियाँ हयात असल्यापासून गुरुवारी घरभर लोबानाचा धूर फिरवण्याची रीत होती. यंदा कॉलेजची वस्तू घरात आली. तिला नजर लागू नये म्हणून जोहराबी झाकण काढून आधी नरसाळ्यातच धूर देत.

"मी चांगला दाट धूर करायचे," त्या म्हणाल्या.

पुनमने वही मिटली. "म्हणजे हे नमुने बाद."

"कर बाद. धूर माझा, पाणी वरचं. मी खोटं भरलं न्हाई, एवढं सराला सांग."

पुनमने सांगितले, लेखीही दिले. पुढच्या गुरुवारपासून गच्चीवर लोबान गेला नाही आणि बाटल्यांतला कार्बन उतरला.

सरांचा अहवाल पुढच्या उन्हाळ्यात छापून आला, तो घेऊन पुनम जळकोटला आली. एका ओळीपाशी तिने तो घाईने मिटू पाहिला, तेव्हा जोहराबींनी तिला ती ओळ मोठ्याने वाचायला लावली : 'नमुने गोळा करणाऱ्या व्यक्तीचा भरवसा नसल्याने चार नमुने वगळले.'

"अजून एकदा वाच," त्या म्हणाल्या. पुनमने वाचले.

जोहराबींनी नरसाळे स्वच्छ करून, कापडात बांधून तिच्या हाती परत दिले.

सरांकडून माफी येणे बाकी आहे.